पहिल्या नंबरचं जाकीट

१

कात्री टेबलावर उघडी पडली होती. एकतीस वर्षांत ओडेसा प्रुइटने कात्री कधी उघडी टाकली नव्हती.

डोक्यावरची जांभळी टोपीही तिने अजून उतरवली नव्हती. सकाळी सातची प्रार्थना आटोपून, पिशवीत पेपरमिंटच्या गोळ्या आणि चर्चमधल्या बायकांनी बांधून दिलेली बिस्किटं घेऊन ती थेट मेम्फिसच्या स्टेडियमखालच्या शिवणखोलीत आली होती. पास्टर टॉलिव्हर आज श्वासावर बोलले होते. बोलले कसले, गायले! 'हा श्वास उसना आहे, मंडळी, ज्याने फुंकला तोच मागून घेईल' ही ओळ त्यांनी अशी काही आळवली की मागच्या बाकावरची गुडघे धरलेली माणसंही उभी राहिली. तीच ओळ ओडेसाच्या ओठांवर घोळत होती. कात्री दिसली आणि ओळ अर्ध्यात तुटली.

भिंतीलगतच्या दांडीवर छत्तीस जाकिटं टांगलेली होती. पांढरीशुभ्र, चंदेरी काठाची, काल संध्याकाळी तिनेच इस्त्री करून लावलेली. खाली फळीवर छत्तीस जोड पांढरे बूट. 'हेरन्स' या फुटबॉल संघाच्या छत्तीस चीअरलीडर, त्यांचा हा सगळा संसार. त्यातल्या पहिल्या नंबरच्या जाकिटाची डावी कूस काखेपासून कमरेपर्यंत कापलेली होती. एकदा नव्हे, तीन-तीनदा. चिंध्या लोंबत होत्या.

पहिला नंबर म्हणजे कप्तान हॅडली स्ट्राउड. सात वर्षं ती ओळीच्या मधोमध नाचत आली होती, आणि आजचा घरच्या मैदानावरचा तिचा शेवटचा खेळ होता.

"बघितलंत ना, मिस ओडेसा?"

दारात मार्गो ड्रिस्कॉल उभी होती. चीअरलीडरांची प्रमुख. एके काळी स्वतःही याच ओळीत नाचलेली. तिने एका मुलीचं मनगट घट्ट धरलं होतं. ती कॅली बोमन, या वर्षीची सगळ्यात नवी पोर. बावीस वर्षांची, सरावासाठी क्लार्क्सडेलहून सत्तर मैल गाडी हाकत यायची. या छत्तीसांत येण्यासाठी तिने तीन वर्षं निवड-चाचण्या दिल्या होत्या आणि दोनदा रडत घरी गेली होती.

"मी पावणेदहाला आत डोकावले तर हे दृश्य," मार्गो म्हणाली. "रखवालदाराला विचारलं. नऊच्या सुमारास ही बया इथून बाहेर पडताना त्याने पाहिली. मागच्या आठवड्यात हॅडलीने हिला सगळ्यांदेखत झापलं होतं, त्याचा हा सूड!"

"कॅली, तू आत आली होतीस?"

"हो, मिस ओडेसा."

"कशाला?"

कॅलीने खाली पाहिलं. "ते नाही सांगता येणार."

"झालं तर मग!" मार्गो कडाडली. "बारा वाजता पोरी मैदानात उतरतात. त्याआधी हिचं जाकीट माझ्या हातात पाहिजे. आणि पुन्हा हिने इकडे फिरकायचं नाही. या वर्षी नाही, कधीच नाही."

ओडेसाने टोपीची पिन काढली. टोपी खुंटीला अडकवली. बाह्या वर केल्या.

"आत्ता दहा वाजलेत. बारापर्यंतचा वेळ माझा."

"तुमचा? मिस ओडेसा, तुम्ही शिवणकाम करता. पोलीस नाही आहात."

"म्हणून तर. जखम कापडाला झालीय. कापडाशी बोलायला पोलिसांना कुठे येतं?"

तिने कापलेल्या कुशीवरून अंगठा फिरवला. आणि अंगठा मध्येच थांबला. जिथे काही लागायला नको, तिथे काहीतरी लागलं होतं.

२

दार लावून तिने जाकीट दिव्याखाली पसरलं आणि नाकावर चष्मा चढवला.

कात्री तिचीच होती, धार ओळखीची होती. कापलं होतं ते रागारागाने, वेडंवाकडं. पण त्या चिंध्यांच्या मधून कुशीची शिवण जात होती, आणि तिच्या कडेला बारीक भोकांची एक रांग होती. सुईची भोकं. त्यांत दोरा मात्र नव्हता. वीतभर लांबीत एकही टाका नव्हता. टाके कापले गेले असते तर दोऱ्याची तुसं राहिली असती. इथे एकेक टाका वेगळा उचलून दोरा सबंध ओढून काढला होता. टेबलाखाली वाकून पाहिलं, तर तो चंदेरी दोरा नागमोडी होऊन तिथेच पडलेला.

म्हणजे आधी कुणीतरी शांतपणे बसून शिवण उसवली होती. कात्री चालली ती नंतर.

"ज्याला सूड घ्यायचाय," ओडेसा पुटपुटली, "तो आधी टाके उसवत बसतो होय?"

उसवलेल्या जागी तिने कापड उलगडून पाहिलं. आत माया, म्हणजे शिवणीत दुमडून ठेवलेलं जादा कापड, नव्हती. नसणारच. पूर्वी ती प्रत्येक जाकिटाच्या कुशीत अर्धं बोट माया ठेवायची, म्हणजे अंग भरलं तर शिवण सोडता येते. दोन वर्षांपूर्वी मार्गो प्रमुख झाली आणि तिने ओडेसाला एकटीला बोलावून फर्मान सोडलं: सोडायला जागा ठेवली की पोरी ढिल्या पडतात. जाकीट मुलीच्या मापाचं नाही, मुलगी जाकिटाच्या मापाची! तेव्हा सगळी जाकिटं नव्याने शिवली गेली, मायेशिवाय. आता दरवर्षी पहिल्या मापाच्या दिवशी नव्या मुलींना ओडेसा स्वतः जाकीट उलटं करून दाखवायची. "बघून घ्या गं, आत काही नाही. एक पाव जास्त खाल्लात तर तो जाकिटात मावायचा नाही." पोरी हसायच्या. मात्र लक्षात ठेवायच्या.

ही जागा मग कोणी उसवली? आत कापड आहे असं कोणाला वाटलं?

काल संध्याकाळपासून सकाळी आठपर्यंत इथलं दालन बंद होतं. आठनंतर मुलींपैकी तिघीच आल्या होत्या. कप्तान हॅडली आणि उपकप्तान पेटन लारू, मैदान पाहायला. आणि कॅली, पाणी भरायला आणि नाचताना हातात धरायचे चंदेरी झुबके मांडायला, कारण ते काम सगळ्यात धाकटीचं. बाकीच्या तेहतीस जणी साडेदहाच्या बसने यायच्या होत्या. दाराच्या कुलपाचा आकडा तर छत्तीस जणींना पाठ.

तिघींतली एक. ओडेसाने पेपरमिंटची पुडी खिशात टाकली.

३

कॅली जिन्याखाली पाण्याच्या पिंपावर बसली होती. ओडेसाने तिच्या हातावर एक गोळी ठेवली.

"चघळ. रडताना तोंडात काहीतरी गोड असावं, म्हणजे रडं लवकर आटोपतं."

"मी कात्रीला हात नाही लावला, मिस ओडेसा."

"मग आत का गेलीस ते सांगून टाक. मार्गोचं तोंड बंद होईल."

"एक वाजता सांगेन. खेळ सुरू झाला की लगेच."

"अगं वेडे, बाराला तुला हाकलणार आहेत! एक वाजता तू सांगणार कुणाला, क्लार्क्सडेलच्या रस्त्याला?"

कॅलीने गोळी दुसऱ्या गालात सरकवली आणि नकारार्थी मान हलवली. ओडेसाने तिचा हात हातात घेतला. उजव्या तर्जनीच्या टोकावर वाळलेल्या रक्ताचा तिळाएवढा ठिपका होता.

'कात्री धरणाऱ्याचं बोट कापतं,' ओडेसाच्या मनात आलं. 'टोचलं जातं ते सुई धरणाऱ्याचं. तेही सुईची सवय नसलेल्याचं. एकेक टाका अलगद उचलणाऱ्या हाताचं काम हे नव्हे.'

पण एवढ्यावरून मार्गो ऐकणार नव्हती.

पेटन लारू आरशासमोर केस कुरळे करत होती. वळून न बघता म्हणाली, "या, मिस ओडेसा. मला वाटलंच होतं, पुढचा नंबर माझा."

"का गं? तुझ्या मनात काय आहे?"

"माझ्या मनात काय आहे ते अख्ख्या मेम्फिसला माहीत आहे. मला मधली जागा हवीय. रोज सकाळी दात घासताना मी आरशात मधल्या जागीच उभी असते." तिने चिमट्यातून एक बट सोडली. "पण हॅडली आज संपतेच आहे. पुढच्या वर्षी जागा माझीच. तीन तासांसाठी कात्री हातात घ्यायला मी काय मूर्ख आहे?"

"मूर्ख नाहीस. जिभेने तिखट आहेस."

"ते माझ्या आजीकडून आलंय. त्याला इलाज नाही." पेटन हसली. मग हळू आवाजात म्हणाली, "हॅडली मात्र दोन दिवस विचित्रच वागतेय हं. काल वरच्या कपाटातलं निशाण काढायला मला बोलावलं. मला! मी तिच्यापेक्षा चार बोटं ठेंगणी. मी खुर्चीवर चढून काढलं आणि ती खाली नुसती उभी."

"शुक्रवारच्या सरावाला काही झालं होतं?"

"ओल्या गवतावर घसरली एकदा. डाव्या अंगावर. पण हसत उठली की! आम्ही सगळ्या टाळ्या वाजवत होतो."

ओडेसा दाराकडे वळली. "पेटन, तू संघात कधी आलीस गं?"

"दोन वर्षं झाली. तुम्हीच तर माप घेतलंत. जाकीट उलटं करून दाखवलंत, आत काही नाही म्हणून."

४

मैदानावर हॅडली एकटीच फिरत होती. डिसेंबर असला तरी ऊन चांगलं तापलं होतं, आणि तिने मात्र जाडजूड कोट हनुवटीपर्यंत लावलेला. बस आली, तेहतीस मुली गवतावर पसरल्या, पेटनही येऊन उभी राहिली. हॅडलीने हात वर न करताच इशारा केला आणि आकडे म्हणायला सुरुवात केली.

ओडेसाने बाजूला उभी राहून डोळे मिटले.

ही तिची जुनी खोड. नाचाकडे बघायचं नाही, ऐकायचं. चर्चमध्येही ती तशीच ऐकायची. गायक-प्रवचनकाराचा गळा सगळेच ऐकतात, ओडेसा त्याचा श्वास ऐकायची. ओळ कुठे उचलतो, कुठे दम घेतो. गेल्या वर्षी पास्टर टॉलिव्हर ज्या ओळी एका दमात गात, त्या दोन दमांत गाऊ लागले. तिने त्यांना कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "पास्टर, डॉक्टरकडे जा." त्यांच्या छातीत पाणी झालेलं निघालं.

"पाच, सहा..." हॅडलीचा आवाज आला. मग एक चोरटा, तोकडा श्वास. "...सात, आठ!"

ओडेसाने डोळे उघडले.

सात वर्षं तो आवाज तिने ऐकला होता. आठही आकडे एका दमात, घंटेसारखे. ऐंशी हजारांच्या गोंगाटात पोरी त्या आवाजाला धरून नाचायच्या.

"पुन्हा!" हॅडली म्हणाली. "पाच, सहा..." पुन्हा तोच तुटका श्वास.

मुलींना दोन मिनिटं मिळाली तशी हॅडली तिच्याकडे आली. "मिस ओडेसा, कॅलीला काढू देऊ नका हं. तिने नाही केलेलं."

"तुला कसं ठाऊक?"

हॅडली गडबडली. "म्हणजे... तशी नाही ती. मला राग नाहीये कुणाचा. ते जुनं राखीव जाकीट आहे ना पेटीत? मोठ्या मापाचं? मी तेच घालते. थोडं सैल असलं तरी चालेल मला."

"सैल जाकीट चालेल? तुला? जी पहिल्या वर्षी काठ सुताएवढा सरकला म्हणून तासभर माझ्या डोक्यावर बसली होती?"

हॅडली ओठांनीच हसली. मग ओडेसाने चेहरा गंभीर करून विचारलं, "बरं, आज पास्टरांनी काय केलं सांगू? इतके रंगात आले, इतके रंगात आले, की वर केलेला हात खाली आणताना पहिल्या बाकावरच्या सिस्टर व्हर्नेलचा केसांचा टोप घेऊनच खाली आले. आणि थांबले नाहीत! तो टोप हलवत हलवत अख्खं प्रवचन पूर्ण केलं!"

हॅडलीला हसू फुटलं, आणि ते फुटता फुटताच ती वाकली. हात डाव्या कुशीवर गेला. क्षणभर तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

ओडेसाने काही न पाहिल्यासारखं केलं. "पावणेबाराला शिवणखोलीत ये," ती म्हणाली. "तुझे बूट घ्यायला."

५

पावणेबाराला खोलीत चौघी जमल्या. मार्गो घड्याळाकडे पाहत होती. कॅली दाराशी उभी, आपलं जाकीट स्वतःच घडी करून हातात घेतलेली. पेटन भिंतीला टेकलेली. हॅडली कोटात.

ओडेसाने कापलेलं जाकीट टेबलावर पसरलं. "मार्गो, इथे बोट लाव. ही भोकं. कात्री लावायच्या आधी कुणीतरी शिवण उसवलीय, निगुतीने, एकेक टाका उचलून. नासधूस करणाऱ्याला याची गरज नाही. शिवण उसवतो तो एकाच कामासाठी: जाकीट सैल करायला."

"पण आत तर माया नसते," पेटन म्हणाली. "तुम्हीच दाखवता."

"तुला दाखवलं. कॅलीला दाखवलं. नव्यांना सगळ्यांना दाखवते. दाखवलं नाही ते फक्त जुन्यांना, कारण मला वाटलं त्यांना काय सांगायचं. सहा वर्षांपूर्वी एका मुलीचं जाकीट मी आतली माया सोडून सैल करून दिलं होतं, याच टेबलावर. तिला ते आठवलं. तिला वाटलं, अजूनही आत अर्धं बोट असेल. उसवल्यावर कळलं की नाही. परत शिवायला जावं, तर माझ्या टाक्यात दुसऱ्या हाताचा टाका मला झोपेतही ओळखू येतो. मग राहिली ती कात्री. शिवण लपवायची तर कूसच फाडायची."

ओडेसाने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आणि दुसऱ्याचं जाकीट कोण कशाला सैल करेल?" ओडेसाचा आवाज खाली आला. "कप्तान, कोट काढ. नाहीतर एका दमात आठपर्यंत म्हणून दाखव."

हॅडली फळीवरचे आपले बूट छातीशी ओढून म्हणाली, "मला उशीर होतोय," आणि खाली बसून डावा बूट पायात घालू लागली. पाय आत गेला आणि तिथेच थांबला.

तिने बूट काढून आत हात घातला. आत, घोट्याच्या अस्तराला, निळ्या रिबिनीचा बोटभर तुकडा शिवलेला होता. टाके भले मोठे, वाकडेतिकडे. एका टाक्यापाशी रक्ताचा ठिपका.

"जुने बूट टाकताना असे तुकडे मला नेहमी सापडायचे," ओडेसा म्हणाली. "मला वाटायचं, घोटा घासू नये म्हणून लावता. तास झाला, सगळ्यांचे बूट पाहिले मी. यंदा एकाच बुटात आहे."

हॅडलीच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं. "शेवटच्या घरच्या रविवारी," ती तुटत तुटत म्हणाली, "सगळ्यात नवी मुलगी आपल्या केसांची रिबीन कप्तानाच्या बुटात शिवते. गुपचूप. खेळ सुरू व्हायच्या आधी बोललं तर कप्तानाचा पाय घसरतो म्हणतात. मीही शिवली होती, माझ्या पहिल्या वर्षी." तिने कॅलीकडे पाहिलं. "तू म्हणून गप्प होतीस? मी तुला सगळ्यांसमोर बोलले, त्यानंतरही?"

"तुम्ही बरोबरच बोलला होतात," कॅली म्हणाली. "माझा डावा पाय उशिरा उठत होता."

हॅडलीने कोटाची बटणं सोडली. बरगड्यांभोवती चिकटपट्ट्यांचे थरावर थर होते. शुक्रवारी दोन फासळ्यांना तडे गेले होते. डॉक्टरने सहा आठवडे नाच बंद सांगितलं होतं, आणि तिने ते कुणाला कळू दिलं नव्हतं. पट्ट्यांवर जाकिटाचे हूक लागेनात. "सात वर्षं नाचले, मिस ओडेसा. शेवटचा दिवस बाकावर बसून काढायचा? मला वाटलं, राखीव जाकीट मिळेल आणि निभावेल. कुणाचं नाव येईल हे डोक्यातच आलं नाही. आलं तेव्हा... तेव्हा तोंड उघडायचा धीर झाला नाही."

"पाय डोक्यापर्यंत उडवला असतास आणि ती फासळी फुप्फुसात गेली असती, म्हणजे निभावलं असतं!" ओडेसा कडाडली. मग तिने तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. "श्वास उसना असतो, बाळ. असा उधळायचा नसतो."

"हॅडली स्ट्राउड," मार्गो थंडपणे म्हणाली, "तुझं नाव भिंतीवरच्या कप्तानांच्या यादीतून..."

"मार्गो." ओडेसाने मान वर केली. "ती आज नाचणार नाही. यापेक्षा मोठी शिक्षा तुझ्याकडे नाही. कॅलीची माफी ती सगळ्यांसमोर मागेल, जिथे तिला झापलं तिथेच. आणि आता माझं ऐक. उद्यापासून प्रत्येक जाकिटात मी अर्धं बोट माया ठेवणार आहे. ज्या पोरीला दुखलं तर सांगायची भीती वाटते, ती कात्रीच उचलणार. तुला मान्य नसेल तर दुसरी शिवणारी शोध."

"नियम म्हणजे नियम, मिस ओडेसा."

"तुझं जाकीट मी किती वेळा सैल केलं होतं, मार्गो? एकाच मोसमात? सांगू पोरींना?"

पेटनने घाईघाईने छताकडे पाहिलं. मार्गोच्या गळ्यापासून कानापर्यंत लाली चढली. तिने त्या भोकांच्या रांगेवर नख टेकवलं.

"अर्धं बोट," शेवटी ती म्हणाली. "सूतभरही जास्त नाही." मग दाराकडे वळून, "कॅली बोमन, ते जाकीट हातात घेऊन काय उभी आहेस? अंगात घाल. बाराला पाच कमी आहेत." आणि जाता जाता, कुणाकडेच न बघता, "माझं चुकलं."

बारा वाजता पस्तीस जणी मैदानात उतरल्या. मध्ये पेटन, टोकाला कॅली. रेषेबाहेरच्या बाकावर हॅडली कोटात बसली होती, पायात पांढरे बूट. सगळ्यांदेखत माफी मागून झाली होती, आणि कॅलीने मान हलवली होती. आता वाद्यवृंद थांबला. नाच सुरू करायचा तो कप्तानाच्या आकड्यांवर. पस्तीस माना बाकाकडे वळल्या.

हॅडली उभी राहिली. "पाच, सहा..."

दम तिथेच तुटला. तिने डोळे मिटून घेतले.

"सात, आठ!" टोकावरून कॅलीचा आवाज आला. पुढच्या वेळी पेटनचाही आला, त्याच्या पुढच्या वेळी पस्तीसही जणींचा. हॅडली अर्धं म्हणायची, ओळ उरलेलं उचलायची. जिन्याच्या तोंडाशी उभ्या ओडेसाने डोळे मिटले आणि ऐकलं. पास्टर दमले की मंडळी त्यांची ओळ अशीच उचलतात.

कॅलीचा डावा पाय अजूनही किंचित उशिराच उठत होता. ओडेसाने एक पेपरमिंट तोंडात टाकलं आणि जाकिटांसाठी किती कापड लागेल याचा हिशेब करत ती खाली शिवणखोलीकडे निघाली.